1 मीटरवर पॉवर एकवटायचीय, सगळ्या पॅचना एकच फेज देऊन का जमेना?

खानापूरकर:
नमस्कार, बेळगावात फायनल इयरला आहे. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपसाठी प्रोजेक्ट करूलालोय, ट्रेवर बिनबॅटरीचे सेन्सर आणि वरनं 1 मीटरवरनं त्यांना रेडिओ लहरींनीच पॉवर द्यायची. 5.8 गिगाहर्ट्झ, 16 बाय 16 पॅच (बोर्डावरचे छोटे चौकोनी अँटेना), सगळ्यांना एकच फेज (लहर चढउतारात कुठवर आली ते), त्यांच्या जाळीची म्हणजे अ‍ॅरेची बाजू साधारण 40 सेमी. बीम सरळ खाली जातोय पण सिम्युलेशनमध्ये पॉवर येतीय ती गेनच्या (अँटेना एका दिशेला किती पट पॉवर एकवटतो तो आकडा) हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश. कुठं जातीय बाकीची?

टिळकवाडी_आरएफ:
तो गेन लांबचा हाय की रे, तिथं लहर सपाट पोचते असं धरलेलं असतं. लांब म्हणजे किती? बाजूच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी कर, 6 मीटरच्या वर जातंय, कर्ण घेतलास तर 12. तू 1 मीटरवर! मधल्या पॅचपासनं सेन्सर 100 सेमी, कडेच्या मध्यापासनं 102, कोपऱ्यातनं जवळपास 104. 2 सेमी ऐकायला काहीच नाही पण 5.2 सेमीच्या लहरीत (पूर्ण लहर म्हणजे 360 अंश) ते 138 अंश होतात, म्हणजे कडेचे पॅच मधल्यांनी केलेलं खोडूनच काढतात. प्रत्येक पॅचचं सेन्सरपर्यंतचं अंतर काढ आणि जो जितका लांब त्याला तितका फेज पुढं दे, भिंग जे काचेच्या जाडीनं करतं तेच. एकूण पॉवर तेवढीच राहणार, फक्त ती 12-13 सेमीच्या ठिपक्यात गोळा होईल.

निपाणी_पीसीबी:
वरचं अगदी बरोबर, फक्त फेज बदलायला 256 फेज शिफ्टर घेत बसू नको बाबा, खर्च झेपायचा नाही. सेन्सरची जागा ठरलेली असेल तर फेज फीड लाइनच्या (पॅचला सिग्नल पोचवणाऱ्या बोर्डावरच्या पट्टीच्या) लांबीतच बसव, कडेच्या लाइन मधल्यापेक्षा आखूड. बोर्डात लहर हळू चालते म्हणून हवेतल्या 2 सेमीला एफआर-4 (नेहमीचं पीसीबी मटेरियल) वर 1.1 सेमीच्या आसपास फरक पुरतो. पण 5.8 ला एफआर-4 लय पॉवर खातं, एवढ्या लांब फीडला कमी पॉवर खाणारं बोर्डाचं मटेरियल बघच.

खानापूरकर:
खूप आभार दादा दोघांचे! वर्कशॉपवाले म्हणतात अ‍ॅरे छताला लावूया, 3 मीटर. तिथंबी असाच ठिपका मिळंल काय?

टिळकवाडी_आरएफ:
आडवा मिळंल पण तिप्पट रुंद, आणि उभ्या दिशेत, म्हणजे अ‍ॅरेपासनं लांब जाताना, आवळला जायचा नाही, पुढं लांबपर्यंत पसरत जाणार. चौकोनी अ‍ॅरेत कर्णाच्या त्या 12 मीटरच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंतच उभ्या दिशेत फोकस टिकतो, म्हणजे सव्वा मीटर. 3 मीटरच पाहिजे तर अ‍ॅरे मोठा करायला लागतो, म्हणून 1 मीटरवरच अडून रहा, स्टँड करून द्या म्हणून सांग त्यांना. आणि मोजताना सगळ्यात जास्त पॉवर बरोबर 1 मीटरवर नाही तर थोडी अलीकडं, अ‍ॅरेच्या जवळ घावणार, प्रोब (मोजायचा छोटा अँटेना) वर-खाली सरकवून बघ आणि ट्रेची उंची त्यावरनं ठरव.