अनुभव धागा : भिंतीला ओल आली तेव्हा तुमच्याकडे कोण आलं?

वाघबीळची_वासंती

मंडळी, गेल्या जुलैत आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीखाली ओल आली. ताबा घेऊन तीन वर्षं झालेली. रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत एक पैसा न घेता दुरुस्त करायचा असतो. मी ईमेलमध्ये तेवढंच लिहिलं. पहिल्या ईमेलला उत्तर नाही, दुसऱ्याला ‘नोंद घेतली आहे’. तिसऱ्यावर सोसायटीतल्या आणखी अकरा जणांच्या सह्या घेतल्या. मग दोरीला लटकून दोन मुलं आली आणि बाहेरच्या भेगा भरून गेली.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या पुनर्वसनाच्या इमारतीत राहतात. चौथा मजला, २६९ चौरस फूट. त्यांच्याही भिंतीला ओल आलेली, पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर. दोरीवरची मुलं बघून त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्या बिल्डरला सांगा ना, तसंच आमच्याकडे पण पाठव म्हणावं.” मी कलम सांगायला गेले आणि मधेच थांबले. मी ज्या कलमावर बोट ठेवलं ते घर विकत घेणाऱ्याचं. मावशींकडे विक्रीचा करार कुठला? त्यांच्याकडे आहे एक वाटपपत्र आणि किल्ली मिळाली त्या दिवशीचा फोटो.

म्हणून हा धागा. ठाणे-नवी मुंबईत तुम्ही विकतच्या घरात असा, सोडतीच्या, पुनर्वसनाच्या की भाड्याच्या, घर खराब निघालं तेव्हा काय झालं ते लिहा. एकच अट : नाव कोणाचंही नको. बिल्डर, महामंडळ, महापालिका, घरमालक, सगळे बिननावाचे.

सळई_सोळा_एमेम

साइट इंजिनिअर, १९ वर्षं. एकाच प्लॉटवर विक्रीची विंग आणि पुनर्वसनाची विंग अशी दोन्ही कामं केली आहेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं गरिबाच्या इमारतीत सिमेंट कमी घालतात. निदान माझ्या साइटवर तरी तसं नव्हतं. काँक्रीटची संहिता, आयएस ४५६, दोन्हीकडे तीच. आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, ट्रक तोच, कधी कधी सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे. फरक पडतो स्लॅब पडल्यानंतर. बाथरूमचा खड्डा कशाने भरला, पाइप जिथून स्लॅबमधून जातो तिथे काय लावलं, जाळीकडे उतार नीट दिला का, यात. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूमचं तोंड बंद करून त्यात पाणी भरून ठेवायचं आणि निदान २४ तास खालच्या मजल्यावरून छत बघायचं, याला आम्ही पाँडिंग म्हणतो. विक्रीच्या विंगमध्ये दर रविवारी एखादं गिऱ्हाईक सासऱ्यांना घेऊन यायचं आणि सासरे नाण्याने टाइल वाजवून बघायचे. पोकळ आवाज आला की सोमवारी आमची खरडपट्टी. पुनर्वसनाच्या विंगमध्ये रविवारी येणारा कोणी नव्हता. कोणाला कुठलं घर मिळणार हे चिठ्ठ्या निघेपर्यंत ठरलेलंच नसतं, मग स्वतःची म्हणून कोणती टाइल वाजवणार? त्यात विक्रीच्या बांधकामाची परवानगी पुनर्वसनाच्या प्रगतीशी बांधलेली, म्हणून पुनर्वसनाला घाई. पाँडिंग २४ तासांचं सहा तासांवर आलेलं मी पाहिलं आहे. त्यावर सही माझीच होती, हेही लिहून टाकतो.

आणि कागदावर दोन मापं नाहीत असंही नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर. कमी उत्पन्न गटाच्या घरांसाठी वेगळी तरतूद, तिथे २.६ मीटर. वीतभरही फरक नाही म्हणाल. मे महिन्यात पंख्याखाली झोपून बघा.

नेरुळ_पूर्व

आमच्याकडे काही तक्रार नाही. सगळं छान. (पहिला पावसाळा अजून व्हायचाय.)

लोकमान्यनगरचा_मुलगा

माझी आई लोकांकडे कामं करते, त्यामुळे वरचं मावशींचं वाचताना जरा वेगळंच वाटलं.

आमची ठाण्यातली इमारत महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत सी-१ मध्ये आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आम्हाला तात्पुरतं म्हणून ‘रेंटल’मध्ये, म्हणजे सरकारी योजनेतल्या भाड्याच्या घरात, पाठवलं. १६० चौरस फूट. घरात पाच माणसं. आईचा लोखंडी पलंग आत घेतला तर दार पूर्ण उघडेना, म्हणून पप्पांनी पलंगाचे मागचे दोन पाय कापून विटांवर ठेवला आणि भिंतीत चार इंच सरकवला, कारण तिथे भिंतीला खाच होती. खाच का होती ते पावसाळ्यात कळलं. तिथून पाइप जायचा, त्याच्याभोवती काही भरलेलंच नव्हतं.

तक्रार करायला गेलो तर इमारत बांधणारे एक, ती ताब्यात असलेले दुसरे आणि आम्हाला पाठवणारे तिसरे. पहिले म्हणाले आम्ही हस्तांतर केलंय. दुसरे म्हणाले तुम्ही आमचे भाडेकरू नाही. तिसरे म्हणाले तुम्ही तात्पुरते आहात. ‘तात्पुरते’ हा शब्द मी आठवीत असताना ऐकला. आता मी आयटीआय करून नोकरीला लागलोय. शेवटी त्या पाइपभोवती पप्पांनीच सिमेंट भरलं. पप्पा गवंडी आहेत. (हसू नका.)

ऐरोली_अकरा_महिने

भाडेकरूंचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. सात वर्षांत चार घरं, प्रत्येक वेळी अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार नाही, नुसती राहायची परवानगी. घर दाखवताना एजंट सगळ्या खिडक्या उघडून पंखे फुल्ल लावून ठेवतो, म्हणजे कुबट वास येत नाही. ताजा रंग दिसला की मी आता घाबरते. मागच्या घरात कपाट सरकवलं तेव्हा मागे माझ्या उंचीएवढा काळा बुरशीचा नकाशा होता आणि रंग फक्त कपाटाच्या कडेपर्यंत मारलेला.

माझा दीर वकील. त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ काढून दिलं : घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही रास्त वेळेत केलं नाही, तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दीर म्हणाला, लायसन्सवाल्यांना हे कलम लावायचं म्हटलं की पहिला वाद तिथेच सुरू होतो, पण पत्र तर लिही. मी लिहिलं. अगदी नम्रपणे, “काका” म्हणून. काकांनी प्लंबर पाठवला, पैसेही त्यांनीच दिले. आणि दहाव्या महिन्यात फोन केला, “ताई, मुलगा पुण्याहून परत येतोय, घर लागेल.” मुलगा अजून आलेला नाही. तिथे दुसरं कुटुंब राहतं, भाडं तीन हजारांनी जास्त.

वाशी_सेक्टर_जुना

आमचे वडील ऐंशीच्या दशकात वाशीला आले. खाडीपूल ओलांडून इकडे यायला तेव्हा नातेवाईक तयार नसायचे. घर अल्प उत्पन्न गटातलं, पण स्वतःचं. पंचवीस वर्षांत छताचा पापुद्रा सुटायला लागला. आई पोळ्या लाटत होती आणि हाताएवढा गिलाव्याचा तुकडा पोळपाटावर पडला. आई दोन मिनिटं तशीच बसली, मग उठून तिने कणीक चाळून पाहिली की खडे किती गेलेत. कणीक टाकून द्यावी लागली याचंच तिला दुःख. वर बघितलं तर सळया दिसत होत्या, गंजून फुगलेल्या, हाताने सोलता येतील अशा. त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं हॉलमध्ये लोखंडी टेकू लावून राहिलो. बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोत टेकूला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या आहेत.

ऐरोलीच्या ताईंशी जोडून एक गोष्ट. पुनर्विकासाचा करार झाला तेव्हा आम्हा सभासदांना बाहेर राहायला दरमहा भाडं, नवं घर, वाढीव जागा, सगळं ठरलं. आमच्या मजल्यावर एक केरळी कुटुंब नऊ वर्षं भाड्याने राहत होतं. छताखाली तेही आमच्याइतकंच झोपत होतं. त्यांना एका महिन्याची नोटीस. आम्ही सर्वसाधारण सभेत दोन तास पार्किंगवर भांडलो, त्यांचा विषयच निघाला नाही. मीही काढला नाही.

बेलापूरची_चाफेकळी

आर्टिस्ट व्हिलेजमध्ये माहेर. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखणी करताना दोन घरांत सामाईक भिंत ठेवलीच नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलंय की मूळचं घर आता शोधावं लागतं. पण शेजाऱ्याच्या न्हाणीची ओल आमच्याकडे कधी आली नाही, आणि हे मला हा धागा वाचेपर्यंत सुचलंच नव्हतं.

कळवा_ते_क्रॉयडन

माझी बहीण लंडनला कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, सत्तरच्या दशकातली इमारत. मी गेले तेव्हा चकित झाले. आत शिरून उभं राहता येईल एवढी कोठीची जागा, खोल्या ऐसपैस. तिच्या ओळखीच्यांनी विकत घेतलेले नवे फ्लॅट त्यापेक्षा चिंचोळे. कारण विचारलं तर तिथे १९६१ साली पार्कर मॉरिस समितीचा अहवाल आला, आणि त्यातली किमान मापं पुढे १९६९ पर्यंत सगळ्या नव्या कौन्सिल घरांना सक्तीची झाली. खासगी बिल्डरला ती सक्ती कधीच नव्हती. म्हणजे कागदावर तरी सरकारी भाडेकरूचं माप मोठं! १९८० मध्ये ती सक्ती काढून टाकली.

पण लगेच ‘तिकडे बघा’ म्हणायला नको. २०२० च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा अशाच सामाजिक भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे गेला. आईवडील वारंवार तक्रार करत होते. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय : गंभीर ओल कळवली की घरमालक संस्थेने १० कामकाजी दिवसांत तपासायची, जिवाशी खेळ असेल तर २४ तासांत. बहिणीकडे आता बुरशी म्हटलं की माणूस येतो. ती म्हणते, पूर्वी खिडकी उघडी ठेवा असं पत्र यायचं.

शीळफाटा_८२

सगळे मापांबद्दल बोलताय. ४ एप्रिल २०१३ ला आमच्याकडे लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ माणसं गेली. बांधकाम पूर्ण झालं नव्हतं, तरी खालच्या मजल्यांवर लोक राहत होते. मीही तेव्हा जवळच्याच एका तशाच इमारतीत होतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हा शब्द मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. आजही भाडं परवडतं ते अशाच ठिकाणी. लिफ्टच्या खड्ड्यात कबुतरं आहेत, लिफ्ट नाही. तक्रार केली तर इमारतच जाईल, मग मी कुठे जाऊ?

वाघबीळची_वासंती

सगळ्यांचं वाचते आहे. शीळफाटा, तुम्हाला काय लिहावं सुचत नाही.

मावशींचं अपडेट : त्यांच्याबरोबर अर्ज द्यायला गेले होते. खिडकीवरच्या माणसाने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही कोण?” मी म्हटलं, ओळखीची. त्याने अर्ज मावशींकडून काढून माझ्या हातात दिला आणि माझ्याशीच बोलत राहिला. पोच मात्र दिली, शिक्क्यासकट.

सळई_सोळा_एमेम

पोच लॅमिनेट करू नका, शाई उडते. झेरॉक्स काढून ठेवा. आणि ओलीचा फोटो दर आठवड्याला एकाच जागेवरून घ्या, त्या दिवशीचं वर्तमानपत्र भिंतीला धरून. फोटो कधीचा आहे यावर वाद घालता येत नाही.

वाघबीळची_वासंती

वर्तमानपत्र येत नाही त्यांच्याकडे. मावशींनी दुधाची पिशवी धरली. तिच्यावर तारीख असते.