फोनिक्समध्ये अक्षरांचे उच्चार येतात, पण शब्द जुळत नाही. घरची बाराखडी थांबवावी का?

ऐरोलीची आई

माझी मुलगी इथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे. शाळेत वाचन फोनिक्सने शिकवतात, म्हणजे अक्षराचे नाव बाजूला ठेवून आधी त्याचा उच्चार शिकवतात. सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून झाली आणि आता तिला जवळजवळ सगळ्या अक्षरांचे उच्चार येतात. अडचण त्यापुढे आहे. एस, ए, टी ही अक्षरे ओळीने ठेवली की ती ‘सअ, ॲ, टअ’ असे एकेक बरोबर म्हणते, पण शब्द विचारला की गप्प होते, किंवा पानावरचे मांजराचे चित्र पाहून ‘कॅट’ असे ठोकून देते.

दुसरी गोष्ट अशी की, माझ्या सासूबाई तिला रोज संध्याकाळी पाटीवर बाराखडी शिकवतात आणि ती त्यात रमते. पालकसभेत मात्र शिक्षिकांनी सांगितले की मुलांचा गोंधळ होतो, म्हणून सध्या घरी देवनागरी थांबवा. सासूबाईंनी त्या दिवसापासून पाटी काढलेली नाही आणि मला ते फार लागले आहे. बाराखडीमुळे इंग्रजी वाचन खरोखरच अडते का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

कळव्याच्या निवृत्त शिक्षिका

आजींना पाटी काढायला सांगा. मी मराठी माध्यमात पहिली-दुसरीचे वर्ग तीस वर्षे घेतले. तुमच्या मुलीची अडचण बाराखडीची नसून एका ‘अ’ची आहे, हे आपण लिहिलेल्या ‘सअ, ॲ, टअ’ यावरूनच दिसते. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतो, त्यामुळे आपण ‘स’ म्हणतो तेव्हा एक नव्हे, दोन ध्वनी उच्चारतो. इंग्रजीतील एस या अक्षराच्या पोटात मात्र काहीही नाही; तो नुसता ‘स्’ आहे. मूल तिथेही सवयीने ‘अ’ जोडते, मग तीन ध्वनींचे पाच होतात आणि त्या पाचांतून ‘सॅट’ हा शब्द कुणालाच ऐकू येणार नाही.

यावर उपाय आपल्याच लिपीत आहे. पाटीवर ‘स’ काढा, त्याचा पाय मोडा आणि ‘स्’ म्हणायला लावा. मग तिला ‘घर’ वाचायला द्या. लिहिताना ‘र’ पूर्ण आहे, पण कोणतेही मराठी मूल ‘घरअ’ असे वाचत नाही, ते शेवटचा ‘अ’ आपोआप गाळते. ‘कमळ’, ‘पाट’, ‘मीठ’ हे शब्दही असेच आहेत. म्हणजे व्यंजनातला ‘अ’ सोडून देण्याचे कसब तिच्याकडे आहेच, तेच इंग्रजी शब्दात वापरायचे, एवढे तिच्या लक्षात आणून द्यायचे आहे.

सराव आधी तोंडी करावा, त्यासाठी पुस्तक नको. भाजी निवडताना तुम्ही ‘म्... आ... न्’ असे सुटे सुटे म्हणा आणि तिने ‘मान’ म्हणावे. मग ‘न्... आ... क्’. जमू लागले की उलट करा: तुम्ही ‘पाय’ म्हणा आणि तिने त्यातले ध्वनी सुटे करावेत. आरंभी स, म, न, ल, र यांनी सुरू होणारे शब्द घ्या, कारण हे ध्वनी ‘स्स्स्स’, ‘म्म्म्म’ असे लांबवता येतात आणि पुढच्या स्वराला जाऊन चिकटतात. ‘ट’, ‘प’, ‘क’ लांबवता येत नाहीत, म्हणून ते जरा मागून यावेत.

नेरुळची शिक्षिका

मी इंग्रजी माध्यमात पहिलीला शिकवते. वरील उत्तर मला पूर्ण पटले, फक्त एक सावधगिरी सुचवते. पाय मोडलेले अक्षर समजावण्यापुरते वापरा, पण इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. तसे लिहिले की मुले वरच्या ओळीकडे पाहतही नाहीत.

चित्र पाहून शब्द ठोकणे ही मला अधिक काळजीची गोष्ट वाटते. वाचताना चित्रावर हात ठेवा, शब्द वाचून झाला की हात काढा. मूल खरोखर ध्वनी जोडते आहे की अंदाज करते आहे, हे तपासायचे असेल तर ‘नॅप’, ‘टिप’ यांच्यासोबत ‘सिप्ट’, ‘पॅनिस’ असे अर्थ नसलेले शब्दही लिहून द्या. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुलांची जी वाचनतपासणी होते, तिच्यातील 40 शब्दांपैकी 20 शब्द असेच बनवलेले असतात, कारण पाठ केलेले शब्द तिथे उपयोगी पडत नाहीत.

पुढे आणखी एक अडचण येईल, तीही आत्ताच सांगून ठेवते. इंग्रजीत अक्षरे 26 आणि ध्वनी सुमारे 44, त्यामुळे दोन अक्षरे मिळून एक ध्वनी दाखवतात: एस आणि एच मिळून ‘श’, ए आणि आय मिळून ‘रेन’मधला ‘ए’. इतर मुले इथे गडबडतात. मी वर्गातल्या मराठी मुलांना ‘ओ’ची खूण आठवायला सांगते. काना एकटा असला की ‘आ’, मात्रा एकटी असली की ‘ए’, आणि दोन्ही एकत्र आले की ‘ओ’. ज्याने बाराखडी केली आहे, त्याला हे दुसऱ्यांदा समजवावे लागत नाही. तुमच्या शाळेतील शिक्षिकांना हे उदाहरण अवश्य सांगा.

घोडबंदर रोडचे बाबा

माझ्या मुलाचे ध्वनी जुळू लागले, तेव्हा तो दिसेल ते वाचू लागला. ठाण्याहून वाशीला जाताना स्टेशनावरची इंग्रजी पाटी पाहून तो ‘रबेल’ असे मोठ्याने म्हणाला. शेवटी ई आली की ती स्वतः गप्प राहते आणि आधीच्या स्वराला लांब करते, हा नियम त्याने बरोबर लावला होता. स्टेशन अर्थातच रबाळे होते. मी त्याला शेजारची देवनागरी पाटी दाखवली आणि आपली नावे आपल्या अक्षरांत वाचायची, असे ठरवून टाकले. आपल्या गावांची नावे इंग्रजी वाचनाच्या सरावाला घेऊ नयेत.

दुसरे म्हणजे, ‘नॅप’ हा शब्द त्याने अचूक वाचला तरी त्याला तो कधी ऐकूच आलेला नव्हता. ‘घर’ वाचल्याबरोबर घर डोळ्यांपुढे येते, तसे तिथे काही आले नाही. शब्द कानावरून गेलेला असेल तरच वाचलेले समजते, म्हणून आम्ही रोज एक इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचून तिच्यातले शब्द मराठीत बोलून घेतो.

ऐरोलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना वरची उत्तरे वाचून दाखवली आणि त्याच संध्याकाळी पाटी निघाली. ‘स’चा पाय मोडण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. तिसऱ्या दिवशी ती ‘स्स्स्स’ लांबवत लांबवत ‘सॅट’पर्यंत पोहोचली, नंतर ‘मॅन’ आणि ‘नॅप’ही जमले. ‘टॅप’ आणि ‘पिन’ अजून अडतात, तिथे ‘अ’ पुन्हा शिरतो, त्यामुळे ते शब्द तूर्त बाजूला ठेवले आहेत. काना-मात्रेचे उदाहरण वहीत लिहून शनिवारी शिक्षिकांकडे घेऊन जाणार आहे.