गावांची अकारविल्हे यादी: रकान्यांत उभी लावावी की आडवी?

शहापूरकर:
आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी वाचनालयांची व गावोगावी भरणाऱ्या साहित्य संमेलनांची माहिती गावनिहाय देण्याचे ठरले आहे. गावांची नावे अकारविल्हे लावून तीन रकान्यांत मांडायची, यावर सर्वांचे एकमत आहे. मात्र जो पहिला मसुदा तयार झाला, त्यात नावे आडवी धावतात, म्हणजे पहिले नाव डावीकडे, दुसरे मधल्या रकान्यात, तिसरे उजवीकडे आणि चौथे पुन्हा डावीकडे खालच्या ओळीत. माझ्या मते ही मांडणी चुकीची आहे आणि यादी उभीच धावली पाहिजे. पहिला रकाना वरपासून खालपर्यंत संपावा, मग दुसरा सुरू व्हावा.

बारा नावे घेऊन पाहू. उभ्या मांडणीत पहिल्या रकान्यात अगसगे, आंबेवाडी, उचगाव, कडोली. दुसऱ्यात काकती, किणये, कुद्रेमनी, देसूर. तिसऱ्यात धामणे, मच्छे, येळ्ळूर, हलगा. ज्याला मच्छे शोधायचे आहे त्याने फक्त रकान्यांची तीन शेंडे पाहावीत: अगसगे, काकती, धामणे. ‘म’ हे अक्षर ‘ध’च्या पुढचे, तेव्हा नाव तिसऱ्याच रकान्यात असणार. शिवाय आद्याक्षरे एकाखाली एक, एका रेषेत येत असल्याने डोळा सरळ खाली उतरतो. शब्दकोशांची पाने पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने छापली गेली आहेत.

निपाणीकर:
शहापूरकरांचे उदाहरण बारा नावांचे असल्यामुळे ते पटते. यादी दोनशे नावांची झाली की एकेका रकान्यात सदुसष्ट नावे येतील आणि तेवढी कोणत्याही पडद्यावर एकावेळी मावत नाहीत. छापील पानाला तळ असतो, पडद्यावरच्या पानाला तो नसतो. वाचक पहिला रकाना वाचत पार खाली जाणार, मग दुसऱ्याच्या सुरुवातीसाठी पुन्हा वर सरकणार, आणि तिसऱ्यासाठी पुन्हा तोच हेलपाटा. रकान्यांचे शेंडे पाहून अंदाज बांधावा म्हणाल, तर खाली उतरलेल्या वाचकाला ते दिसतच नाहीत. आडव्या मांडणीत मात्र एकाच दिशेने खाली जात राहिले की यादी क्रमाने संपते.

शेंड्यांचे काम डावा रकानाही करतोच. तुमचीच बारा नावे आडवी लावली तर डावीकडे अगसगे, कडोली, कुद्रेमनी, मच्छे अशी ओळींची सुरुवात मिळते आणि त्यावरून ओळ ठरवता येते. आणि आडवी यादी लोकांना वाचता येत नाही असे म्हणणे मला मान्य नाही. मतदार यादीच्या पानावर तीन चौकटींच्या दहा ओळी असतात, ३० मतदारांचे अनुक्रमांक डावीकडून उजवीकडे जातात, आणि निवडणुकीच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून बसलेले कार्यकर्ते त्यातून नाव झटक्यात काढून देतात.

शहापूरकर:
मतदार यादीत प्रत्येक चौकटीवर अनुक्रमांक छापलेला असतो, म्हणून वाचायची दिशा कोणाला विचारावी लागत नाही. आपल्या यादीत क्रमांक नाहीत. दिशा वाचकाने नावांवरूनच ओळखायची आहे, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका तेथेच आहे.

निपाणीकरांनी दिलेला डावा रकाना पुन्हा पाहावा: अगसगे, कडोली, कुद्रेमनी, मच्छे. ही नावे वरून खाली वाचली तरी अकारविल्हेच दिसतात. ज्याला उभे वाचण्याची सवय आहे तो ‘काकती’ शोधताना कडोलीवरून थेट कुद्रेमनीवर येईल, मध्ये काकती नाही असे पाहील आणि गाव यादीत घेतलेलेच नाही असे समजून पान बंद करील. चार नावांत हे लगेच ध्यानात येईल, पण सदुसष्ट नावांच्या रकान्यात त्याला चूक कळायला रकान्याचा तळ गाठावा लागेल. उलट उभी यादी कोणी आडवी वाचली तर अगसगे, काकती, धामणे आणि लगेच आंबेवाडी, असा क्रम चौथ्याच नावाला मोडतो व वाचक सावध होतो. दोन्हींकडे चुकीचे वाचन संभवते, परंतु उभ्या मांडणीत ते चार नावांत उघडे पडते. युनिक्स या संगणक प्रणालीतील, फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेनेही पडद्यावर फाइलींची नावे रकान्यांत उभीच येतात; आडवी हवी असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

वडगावकर:
दिशेचा वाद चालू द्यावा, पण पान तयार करताना कोणत्याही बाजूने एक गोष्ट बिघडू देऊ नये. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मूळ मजकूर ज्या संगणकी भाषेत लिहितात तिच्यात, यादी एकच असली पाहिजे आणि तिच्यातील क्रम अकारविल्हेच असला पाहिजे. दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर पडद्यावरचे रकाने पाहत नाही, ते मूळ मजकुराच्या क्रमाने वाचते. हाताने मोजून तीन स्वतंत्र याद्या केल्या, तर त्याला एका यादीऐवजी तीन तुटक याद्या ऐकू येतात, आणि एक गाव वाढले की सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. नावे कोष्टकात उभी भरली तर ऐकणाऱ्याला अगसगे, काकती, धामणे असेच ऐकावे लागेल.

सीएसएस या पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा बहुरकानी गुणधर्म एकाच यादीचे उभे रकाने स्वतःच पाडतो. रकान्यांची संख्या न सांगता किमान रुंदी सांगितली, तर मोबाइलवर आपोआप एकच रकाना उरतो. ‘कंग्राळी बुद्रुक’सारखे नाव दोन ओळींत गेले तर त्याचा एक तुकडा या रकान्यात आणि दुसरा पुढच्यात जाऊ नये, यासाठी ‘ब्रेक-इनसाइड’ या गुणधर्माला ‘अव्हॉइड’ हे मूल्य द्यावे. एक खोड मात्र लक्षात ठेवावी: नऊ नावे चार रकान्यांत समान वाटायला सांगितली, तर ब्राउझर तीन-तीन नावांचे तीन रकाने भरतो आणि चौथा रिकामा राहतो. २०१७पासून प्रमुख ब्राउझरांत आलेल्या ग्रिड या सीएसएसच्याच दुसऱ्या मांडणी-पद्धतीनेही उभी मांडणी होते, पण तेथे ओळींची संख्या आधी सांगावी लागते, म्हणून वाढत्या यादीसाठी मी ते सुचवणार नाही.

खानापूरकर:
माझा विरोध रकान्यांनाच आहे. आपल्या भागातील बहुतेक लोक हे पान मोबाइलवर उघडणार, जेथे रकाना एकच असेल. मग संगणकासाठी एवढा खल कशाला? अ, आ, उ, क अशी अक्षरांची शीर्षके द्यावीत, वर त्या अक्षरांची एक पट्टी ठेवावी आणि खाली सरळ एकेरी यादी द्यावी. अक्षर दाबले की त्या ठिकाणी पोहोचता येईल.

त्याआधी यादीचा क्रम तरी नीट लागला आहे का, हे तपासले पाहिजे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, संकेतांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. नुसत्या संकेतांकांनी क्रम लावला तर ‘कोळ’ने सुरू होणारे नाव ‘कोव’च्या आधी जाते. जेथे गावांच्या नावांत पदोपदी ‘ळ’ आहे, तेथे क्रम मराठीच्या नियमाने लावायला संगणकाला स्पष्ट सांगावे लागते. तसेच पाट्यांवर कोठे ‘कंग्राळी खुर्द’ तर कोठे ‘कंग्राळी के. एच.’ लिहिलेले असते; यादीत एकच रूप कायम ठेवावे, नाहीतर खुर्द आणि बुद्रुक यांची जागा दर वेळी बदलेल.

शहापूरकर:
अक्षरांची शीर्षके मला मान्य आहेत आणि त्यामुळे निपाणीकरांच्या हेलपाट्याचाही बराच निकाल लागतो, कारण प्रत्येक अक्षराचे रकाने वेगळे पडले की ते आखूड होतात. एकेरी यादी मात्र मान्य नाही. वाचनालयात जो मोठ्या पडद्याचा संगणक आहे, त्यावर वयस्कर वाचक सचिवांच्या मदतीने माहिती पाहतात. तेथे पडद्याचा दोनतृतीयांश भाग कोरा ठेवून दोनशे नावे एकाखाली एक सोडणे ही त्यांची गैरसोय आहे. म्हणून अक्षरागणिक गट करावेत, गटाच्या आत रकाने उभे असावेत आणि मोबाइलवर एकेरी यादी दिसावी.

निपाणीकर:
लहान गटांत उभी मांडणी चालेल, हे मी मान्य करतो. ‘क’, ‘ब’ आणि ‘ह’ या गटांबद्दल माझा आक्षेप कायम आहे, कारण या भागात त्या अक्षरांची गावे पुष्कळ आहेत आणि रकाने पुन्हा पडद्याबाहेर जाऊ शकतात. तेवढे गट ‘क’, ‘का’, ‘कि’ असे बाराखडीने आणखी फोडणार असाल तरच उभ्या मांडणीला माझी संमती समजावी.