ओस गावं आपल्याकडेही आहेत

कुलधरासारखं ओसाड गाव सायकलवरून बघायचं तर राजस्थानच गाठायला हवं, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीचा रस्ता धरा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या लक्ष्मी तलावात त्यांचाच बेनझीर व्हिला नावाचा बंगला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या पडक्या भिंती उघड्या पडतात. त्यामुळे एप्रिल-मे हाच काळ, आणि निघायचं पहाटेच, नाहीतर परतताना ऊन जीव काढतं. काठच्या गाळात मात्र सायकल घालू नका. वरून भेगा पडलेला, कोरडा दिसतो, पण आत चाक रुततं.

चांदोलीचंही सांगतो. वारणेवरचं धरण आणि १९८५चं अभयारण्य यांपायी तिथली कितीतरी गावं उठली. आता ते जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. अशा गावठाणात घरांची जोती राहतात, अंगणातलं तुळशीवृंदावन राहतं, परसातला फणस तर जोमाने वाढतो. पण ही माणसं काही गायब झालेली नाहीत, खाली सपाटीवरच्या वसाहतींत राहतात! भुताखेताच्या गोष्टी रचून व्हिडिओ टाकणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो. त्यापेक्षा वाटेत एखाद्या वसाहतीत सायकल टेकवा आणि पारावरच्या आजोबांना मूळ गाव विचारा. कुणाचं घर कुठल्या आंब्याजवळ होतं, इथपासून सांगतात.