व्यस्त रस्ता की वर्दळीचा रस्ता?

पणजीहून:
जगातल्या मोठ्या शहरांचे नावाजलेले आणि सदा माणसांनी भरलेले रस्ते, या विषयावर आम्ही काहीजण मिळून एक मराठी पुस्तिका तयार करत आहोत. गोव्यातल्या मराठी शाळांतल्या मुलांच्या हाती ती पडावी अशी इच्छा आहे. मजकूर बराचसा आला आहे आणि त्यात 'शहरातील सर्वात व्यस्त रस्ता' हे शब्द पानोपानी आहेत. बातम्यांतही हा प्रयोग सर्रास दिसतो. मला तो मराठी वाटत नाही, पण आपल्याला खटकते एवढ्यावरून दुसऱ्याचे वाक्य खोडणे बरे नव्हे. म्हणून विचारतो. व्यस्त का नको, आणि नको तर काय लिहावे? शिवाय परदेशी नावांतले स्ट्रीट, अव्हेन्यू, रुआ तसेच राहू द्यावेत की त्यांचे मार्ग आणि पथ करावेत?

फोंड्याहून:
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मुलांना 'व्यस्त' हा शब्द प्रथम भेटतो तो गणिताच्या तासाला. सम प्रमाण आणि व्यस्त प्रमाण. मजूर वाढले की कामाचे दिवस घटतात, ते व्यस्त. म्हणजे उलटे. मुळात संस्कृतात हा शब्द वि आणि अस् यांपासून झाला, इकडेतिकडे टाकलेले, विखुरलेले या अर्थाचा. 'खोली अस्ताव्यस्त पडली आहे' म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. कामात गढलेला हा अर्थ त्याला हिंदीत आहे आणि हिंदीत तो शोभतो. मराठी माणूस कामात असतो, गुंतलेला असतो, त्याला सवड नसते. रस्त्याला कसली आली आहे सवड?

पण हे झाले व्याकरणाचे. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'व्यस्त' लिहिले की त्या रस्त्यावर नेमके काय चालले आहे हे पाहण्याची गरज उरत नाही. मराठीतले शब्द ते पाहायला लावतात.

वर्दळ म्हणजे माणसांची ये-जा. रहदारी म्हणजे वाटेने पुढे जाणाऱ्यांची हालचाल, आणि आता ती मुख्यतः वाहनांचीच. जुन्या कागदपत्रांत रहदारी म्हणजे वाटेने माल नेण्याबद्दलचा कर किंवा परवाना, त्यामुळे 'इथून पलीकडे जाणे' हा भाव त्या शब्दात पहिल्यापासून आहे. मांडवीवरचा अटल सेतू पाहा. २०१९ पासून त्यावर रहदारी अखंड आहे, पण वर्दळ नावालाही नाही, कारण तिथे कुणी पायी चालत नाही. याच्या उलट इस्तंबूलचा इस्तिकलाल रस्ता. तो पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे, मधून जुन्या धर्तीची एक ट्राम तेवढी जाते. तिथे वर्दळ प्रचंड, रहदारी जवळजवळ नाही. तुमच्या पुस्तिकेत दोन्ही ठिकाणी 'व्यस्त' आले, तर मुलाला दोन्ही चित्रे सारखीच दिसणार.

गजबज यात आवाज आहे, दुकाने आहेत, हाका आहेत. रात्री दोन वाजता महामार्गावर ट्रकांची रांग असली तरी त्याला कुणी गजबजलेला म्हणणार नाही. राबता म्हणजे नेहमीचे जाणे-येणे, ओळखीच्या पावलांचे. एखाद्या वाचनालयात किंवा हॉटेलात राबता असतो. रीघ एका दिशेने लागते: ३ डिसेंबरला, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या दिवशी, जुन्या गोव्याच्या वाटेवर लागते ती रीघ. आणि चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात उडते ती झुंबड. तिथे वर्दळ म्हटले तर फार कमी पडते.

मडगावहून:
बाई, सारे पटते, तरी एक शंका राहते. रस्ता हा शब्द फारसी, रहदारी फारसी, राबता अरबी. यांतला एकही आपण परत पाठवला नाही. मग हिंदीतून आलेल्या 'व्यस्त'लाच दारात का अडवायचे? माझ्या दुकानात येणारी तरुण मुले 'आज मी व्यस्त आहे' असे सहज म्हणतात आणि समोरच्याला ते कळते. उद्या कोशातही येईल.

फोंड्याहून:
परक्या शब्दाशी माझे वैर नाही, बाब. आलेल्या शब्दाने भाषेला काय दिले, एवढेच मी पाहते. राबता आला आणि वर्दळीपेक्षा वेगळी छटा घेऊन आला. व्यस्त आला तर वर्दळ, रहदारी, गजबज, रीघ या सर्वांना एकाच वेळी बाजूला सारतो आणि बदल्यात नवे काही देत नाही. वर गणितातल्या व्यस्ताशी त्याची गाठ पडते ती वेगळीच. माणसापुरता तो बोलण्यात रुळलाच तर रुळो. रस्त्यासाठी मात्र मी तो शाळेच्या पुस्तिकेत मुळीच घेणार नाही.

जुन्या गोव्याहून:
पॅरिस, लंडन, इस्तंबूल झाले की घरच्याही रस्त्याला पुस्तिकेत जागा द्या. सोळाव्या-सतराव्या शतकात इकडे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी ज्याचे वर्णन करून ठेवले, तो रुआ दिरैता इथे होता. आज जिथे व्हाइसरॉयची कमान उभी आहे तिथून आत शहराकडे तो जाई. नावाचा अर्थ 'सरळ रस्ता', पण पोर्तुगालमधल्या कितीतरी गावांत मुख्य रस्त्याला हेच नाव असते, मग तो वाकडातिकडा का असेना. म्हणून त्याचे भाषांतर 'सरळ मार्ग' असे करू नका. 'मुख्य पेठ' म्हटले तर मराठी वाचकाला तो खरा कळेल.

यान हाउखेन व्हान लिन्स्खोतेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि पाच वर्षे आर्चबिशपच्या पदरी राहिला. १५९६ मध्ये छापून निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या बाजाराचे मोठे चित्र आहे. त्यात छत्र्या धरलेले नोकर आहेत, पालख्या आहेत, घोडे आहेत, हातात माल घेऊन उभे असलेले विक्रेते आहेत. विकायला उभी केलेली माणसेही आहेत. गुलामांची विक्री याच रस्त्यावर चाले, आणि रस्त्याच्या वैभवाबद्दल लिहिताना ही गोष्ट मुलांपासून लपवू नये असे मला मनापासून वाटते.

सकाळच्या वेळी इथे पुकारा करून, बोली लावून माल विकला जाई. त्या विक्रीला पोर्तुगीजमध्ये 'लैलांव' म्हणतात. आपला 'लिलाव' तो हाच. आज विदर्भातल्या कापसाचा, नाशिकच्या कांद्याचा किंवा बँकेने जप्त केलेल्या घराचा लिलाव होतो तेव्हा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे कुणाच्या ध्यानातही नसते. मडगावच्या बाबांनी उसन्या शब्दांची यादी दिली, तिच्यात हा घाला. बाईंच्या कसोटीलाही तो उतरतो, कारण त्याने एक व्यवहार त्याच्या नावासकट आणला.

पुढे साथींनी शहर ओस पडले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि रुआ दिरैताची वर्दळ संपली.

वास्कोहून:
नावांबद्दल. आमच्या शहरातल्या मुख्य रस्त्याचे नाव स्वातंत्र्य पथ. आणि इस्तंबूलच्या 'इस्तिकलाल'चा अर्थही स्वातंत्र्यच. तरी त्याचे 'स्वातंत्र्य पथ' असे भाषांतर करून छापू नये, नकाशात मुलाला तो सापडणार नाही. मूळ नाव ठेवावे, अर्थ एकदा वाक्यात सांगावा.

मार्ग आणि पथ हे पाटीवरचे शब्द आहेत. नाव देताना ते शोभतात, बोलताना गळतात. मुंबईत नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग कुठे आहे असे विचारले तर अनेकांना थांबून आठवावे लागेल. मरीन ड्राइव्ह म्हटले की लगेच कळते. पुण्यात मात्र लक्ष्मी रस्ता हा लिहिण्यातही रस्ताच आहे आणि तो तसाच चांगला वाटतो. दिल्लीचा राजपथ २०२२ मध्ये कर्तव्य पथ झाला, तिथे पथ कायम राहिला, कारण ती संचलनाची, समारंभाची वाट आहे. माझ्या मते सामान्य उल्लेखात रस्ता लिहावा, आणि मार्ग किंवा पथ ज्याच्या नावातच आहे त्याच्यापुरता ठेवावा. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट रस्ता' असे मात्र कृपा करून नको.

डिचोलीहून:
जुन्या मराठीत रस्त्याला 'बिदी' म्हणत, मोठ्याला 'राजबिदी'. संस्कृत वीथी. शेजारी कन्नडमध्ये 'बीदी' आजही रोजच्या बोलण्यात आहे. आपल्याकडचा मात्र पोथ्यांत राहिला. पुस्तिकेत तो वापरा असे म्हणणार नाही, पण एका चौकटीत त्याची ओळख करून द्या. आणि गावच्या बाजाराच्या जागेला आपण कोकणीत म्हणतो तो 'तिंटो'ही द्या. गोव्याच्या मुलांना तो घरचा वाटेल.

पणजीहून:
देतो, दोन्ही देतो. आता माझ्याकडचा एक मुद्दा. पुस्तिकेत तारखांची नावे असलेले रस्ते बरेच निघाले. ब्युनोस आयरिसचा 'नऊ जुलै' हा रस्ता त्याच्या अफाट रुंदीसाठी जगभर ओळखला जातो. १८१६ मध्ये त्या दिवशी अर्जेंटिनाने स्वातंत्र्य जाहीर केले. साओ पाउलोत खरेदीची सगळ्यात मोठी झुंबड उडते तो रस्ता 'पंचवीस मार्च', १८२४ च्या ब्राझीलच्या पहिल्या राज्यघटनेची तारीख. पोर्तो शहरात 'एकतीस जानेवारी' आहे, आणि तोच आपल्या पणजीतल्या फोंताइन्यशमध्येही आहे. ही १८९१ ची तारीख. त्या दिवशी पोर्तोत प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला होता. पाहुण्यांना पुष्कळदा सांगितले जाते की हा पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याचा दिवस. ती तारीख १ डिसेंबर १६४०, तेव्हा हे पुस्तिकेत येऊ नये.

महाराष्ट्रातल्या शहरांत रस्त्यांना माणसांची, देवळांची, पेठांची नावे असतात, तारखेची क्वचितच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जगात ही जुनी रीत आहे. पणजीच्या मुख्य बाजाररस्त्याला आपण '१८ जून' म्हणतो तेव्हा रीत त्यांची आहे पण तारीख आपली. १९४६ साली याच दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. ज्या राजवटीने तारखांच्या पाट्या लावायची सवय लावली, तिच्याविरुद्धच्या लढ्याची तारीख आज पणजीतल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर आहे. हे वाक्य मी पुस्तिकेत ठळक छापणार आहे.

लिहिताना अडचण एवढीच की 'अठरा जूनला दुकान बंद आहे' यात दिवस आहे की रस्ता हे कळावे कसे?

फोंड्याहून:
ती अडचण मराठीनेच सोडवली आहे. दिवसाला 'ला' लागतो, रस्त्याला 'वर'. 'अठरा जूनला सभा आहे' म्हणजे गोव्याच्या क्रांतिदिनी. 'अठरा जूनवर चपलांचे दुकान आहे' म्हणजे रस्त्यावर. छापताना मात्र 'अठरा जून रस्त्यावर' असे पुरे लिहा, मुले लहान आहेत.

मडगावहून:
माझा आक्षेप मी पुस्तिकेपुरता मागे घेतो. एक विचारतो. बार्सिलोनाच्या 'ला रांब्ला'चे काय करणार? मूळ अरबी शब्द वाळूचा, आणि रांब्ला म्हणजे पावसात वाहणारा, एरवी कोरडा पडणारा प्रवाह. आज त्यावर झाडे आहेत आणि माणसांची दाटी आहे.

पणजीहून:
'सुकलेला व्हाळ' असे लिहू. प्रमाण मराठीत ओढा म्हणतात, पण गोव्यातले मूल व्हाळ म्हटले की पावसाळ्यातले आणि मे महिन्यातले दोन्ही रूप डोळ्यांपुढे आणते. आपल्याकडे रुआ दि ओरें आजही ओरेंच्या खाडीला लागूनच जातो, त्यामुळे पाण्याकाठचा रस्ता म्हणजे काय हे पणजीच्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

काही वाक्ये बदलून पाहिली. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट हा लंडनमधील सर्वात व्यस्त रस्त्यांपैकी एक आहे' याचे 'ऑक्सफर्ड स्ट्रीट हा लंडनमधील सर्वात वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक आहे' असे केले. पॅरिसच्या शाँझेलिझेसाठी 'वर्दळ आणि रहदारी दोन्ही असलेला' असे घेतले. चालेल?

फोंड्याहून:
शाँझेलिझेचे उत्तम. ऑक्सफर्ड स्ट्रीटचे अजून हलले नाही. 'पैकी एक' ही इंग्रजीची रचना आहे. सर्वांत वर्दळीचा असेल तर तो एकच असणार. मराठीत आपण म्हणतो, 'लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवसभर खरेदीला आलेल्यांची वर्दळ असते', किंवा नुसते 'फार वर्दळीचा रस्ता'. आणि 'सर्वांत' वर अनुस्वार द्या, कारण अनेकांमधला एक असा अर्थ आहे. मजकुरात जिथे जिथे 'पैकी एक' आले आहे ती सारी वाक्ये मला पाठवा, चवथीच्या सुटीत मी बसून पाहते.