डोंबिवलीच्या गच्चीतून दीर्घिकांचे फोटो: फिल्टर घेऊ का?

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. कॅननचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २०० मिमीची लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं यंत्र), एवढं सामान आहे. यावर मृगातला तेजोमेघ गच्चीतूनही सुरेख आला. आता दीर्घिकांचं वेड लागलंय. पण एम ५१ या सर्पिल दीर्घिकेच्या अर्ध्या तासाच्या फ्रेम्स स्टॅक केल्या (एकावर एक रचून जोडल्या) तरी राखाडी ठिपक्यापलीकडे काही नाही. दुकानदार म्हणतो, ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे फक्त दोन अरुंद पट्टे आत सोडणारा) लावा, शहराचा उजेड कापला जाईल. वीसेक हजार जातील. घेऊ का?

उत्तराफाल्गुनी
दीर्घिकांसाठी अजिबात घेऊ नका. मृगातला तेजोमेघ म्हणजे चमकणारा वायू. त्याचा बराचसा प्रकाश हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांत येतो, म्हणून तिथे हा फिल्टर कामाचा. दीर्घिकेचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग. रस्त्यावरचे एलईडीही जवळपास तसेच. फिल्टर उजेड कापेल, आणि सोबत दीर्घिकाही कापेल.

ते पैसे पेट्रोलला ठेवा. आकाश दहा पट उजळ असेल तर तेवढ्याच स्वच्छ फोटोला साधारण दहा पट वेळ लागतो. माळशेजच्या वर, जुन्नरच्या बाजूला अमावास्येची एक रात्र मिळाली तर गच्चीतल्या कित्येक रात्री वाचतात.

एम ५१ चा हट्टही सध्या सोडा. आकाशात ती जेमतेम ११ कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे तुमच्या ६००० पिक्सेलच्या फ्रेममध्ये पावणेदोनशे पिक्सेल. सर्पिल भुजा दिसणार कशा? २०० मिमीला शोभते ती कन्या राशीतली मार्केरियनची साखळी, म्हणजे दीर्घिकांची एक रांग. एप्रिलात मध्यरात्रीच्या सुमारास ती आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असते, त्यामुळे क्षितिजाजवळची धूळ आड येत नाही. युरोपातल्या लोकांना हे सुख नाही. एम ८४ आणि एम ८६ हे दोन गोल धूसर पुंजके, शेजारी एनजीसी ४४३५ आणि ४४३८ ची जोडी, आणि पुढे वळत गेलेली रांग. स्ट्रेच करताना (संगणकावर फोटोतला अंधुक भाग उजळवताना) ४४३८ ची ओढल्यासारखी विस्कटलेली कड हळूहळू वर येते, तेव्हा मी दरवेळी माउस सोडून नुसती बघत बसते. पाच कोटींहून जास्त प्रकाशवर्षं लांबचा उजेड आहे तो!

रोहिणी_शकट
ताईंशी सहमत, फक्त एक भर. एम ८२ या दीर्घिकेमधून तांबडा चमकणारा हायड्रोजन बाहेर फेकला जातोय, त्यासाठी एच-अल्फा फिल्टर (फक्त हायड्रोजनची तांबडी रेषा आत सोडणारा) खरंच लागतो. पण त्याला मॉडिफाय केलेला (आतला तांबडा प्रकाश अडवणारा फिल्टर काढलेला) कॅमेरा आणि बरीच लांब फोकल लेंग्थ हवी.

गच्चीवाला
पटलं, फिल्टर रद्द. पण ताई, डोंगरात ध्रुव दिसेल का? पोलर अलाइनमेंटचं (ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखण्याचं) काय?

उत्तराफाल्गुनी
आपल्याकडे ध्रुव १९ अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा. म्हणून जागा दिवसाउजेडी बघून ठेवा, उत्तर मोकळी हवी. धरणाचा काठ उत्तम, पण दव पडतं, लेन्सला ड्यू हीटर बांधा. सुरुवातीला ३० सेकंदांच्याच फ्रेम्स घ्या, तासभर तरी.

आणि मूळ फ्रेम्स कधीही पुसू नका. मे २०२३ मध्ये जपानच्या कोइची इटागाकी या हौशी निरीक्षकांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा (स्फोट होऊन अचानक उजळलेला तारा) सापडला. तो नेमका कधी उजळू लागला हे ठरवायला, शोध लागण्याआधीच इतर हौशी मंडळींनी काढून ठेवलेले फोटो कामी आले. तेव्हा निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घ्या.