मदत हवी आहे : शनिवार पेठेतला पडका वाडा विकताना काय बघावं?

नमस्कार मंडळी. पणजोबांचा हा वाडा १९६१ च्या पानशेतच्या पुरात तगला, पण यंदाच्या पावसात मागची मातीची भिंत कोसळली, माडीची तुळई झुकली. वारसा यादीत असल्यामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. खाली जुने भाडेकरू आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही.

एक गृहस्थ 'आहे तसा' लगेच घेतो म्हणतात, पण अर्धे पैसे रोख. वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसतो, म्हणून मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांनी चेकने सगळे देऊ केले, तर भाव बराच खाली आणला.

मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे. आधी वारसनोंद करायची की सगळ्यांच्या सह्यांनी थेट विकता येतं? दोन आत्या आहेत, त्यांचा हिस्सा मला डावलायचा नाही. वारसा वास्तूचा टीडीआर (इथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क, जो दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो) विक्रीआधी मिळवता येतो का? पेठांमधले असे व्यवहार केलेले वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया सांगा. कोरीव खांब अजून शाबूत आहेत, ते तरी वाचावेत असं फार वाटतं.